गाण्यांच्या मधले बोलणे : नाशिकमधील एका ध्वनिजतन सेवेचा अनुभव

रविवार कारंजापासून चालत पाच मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर, कॅसेट, स्पूल आणि तबकड्यांवरचा आवाज संगणकाच्या फाइलमध्ये उतरवून देणारे एक दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. खालच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानात ‘रेकॉर्डवाले काका’ असे विचारले की जिन्याकडे बोट दाखवले जाते. गेल्या हिवाळ्यात मी येथे अकरा कॅसेट उतरवून घेतल्या आणि त्याच काळात काकांनी चार शनिवार संध्याकाळी घेतलेल्या श्रवणसत्रांनाही बसले. सत्रांचा विषय होता अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या रेडिओचा आणि त्या रेडिओने घडवलेल्या संगीताचा इतिहास. या दोन्ही गोष्टींबद्दल एकत्रच लिहिते आहे, कारण माझ्या कॅसेटचे काम कसे व्हायला हवे होते हे मला नीट कळले ते त्या सत्रांमध्ये बसूनच.

आधी कॅसेटबद्दल सांगते. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला गायन पार्ट्यांचे कार्यक्रम होत असत. १९८० च्या दशकात वडील आपला टू-इन-वन स्टेजच्या कडेला ठेवून ते रात्रभर टेप करत. गाणी बहुतेक वामनदादा कर्डकांची असत. वामनदादा सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. १९२२ मध्ये जन्मलेल्या या कवीचे २००४ मध्ये नाशिकलाच निधन झाले, त्यामुळे आमच्याकडे ती गाणी घरच्यासारखीच होती. दोन वर्षांपूर्वी याच कॅसेट मी शहरातील दुसऱ्या एका दुकानात दिल्या होत्या. तेथून आठवड्याभरात पेनड्राइव्ह मिळाला आणि त्यात प्रत्येक गाणे वेगळे कापून, मधले सगळे बोलणे काढून टाकलेले होते. ऐकायला सलग वाटावे म्हणून असे केल्याचे तेथील मुलाने मला कौतुकाने सांगितले. त्याचा हेतू वाईट नव्हता, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. गाणी इतरत्रही मिळतात. पार्टीचा गायक पेटीवाल्याला काय म्हणाला, समोरच्या गर्दीतून कोण ओरडले, कोणी किती रुपये बक्षीस दिले, हे त्या कॅसेटखेरीज जगात कोठेही नोंदलेले नाही. मूळ कॅसेट मी फेकल्या नव्हत्या, हे माझे नशीब.

काकांकडे पिशवी ठेवली तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, तुम्हाला गाणी हवीत की कार्यक्रम हवा?” त्या एका प्रश्नावर मी काम त्यांच्याकडे सोपवले, आणि टेबलावरच्या वहीत शनिवारच्या सत्रांसाठी नावही लिहून आले.

सत्रे दुकानाच्याच मागच्या खोलीत होतात. चौदा खुर्च्या, एक टेक्निक्सची तबकडी वाजवणारी यंत्रणा, एक कॅसेट डेक, दोन जुने लाकडी स्पीकर आणि भिंतीवर अमेरिकेचा शाळेत असतो तसा नकाशा. चार सत्रांचे मिळून सहाशे रुपये, आणि त्यात प्रत्येक सत्राची चार पानी मराठी टिपणे. काका पूर्वी रेडिओ दुरुस्त करत. बोलताना ते घाई करत नाहीत. ऐकवण्यापूर्वी एखाद्या निवेदकाचे इंग्रजी बोलणे मराठीत वाचून दाखवतात आणि मग तेच ध्वनिमुद्रण लावतात, त्यामुळे दक्षिणेतील उच्चार कानाला नवे असले तरी धागा सुटत नाही.

पहिले सत्र सुरू झाले ते शिकागोतून. ३ नोव्हेंबर १९२९ रोजी जॅक कूपर यांनी डब्ल्यूएसबीसी या केंद्रावर ‘ऑल-नीग्रो अवर’ हा कार्यक्रम सुरू केला. कृष्णवर्णीय माणसांनी कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी केलेल्या रेडिओची सुरुवात साधारणपणे येथून मानली जाते. काकांनी एवढे सांगून नकाशावरची छडी खाली ठेवली आणि म्हणाले की यानंतर चारच महिन्यांनी, २ मार्च १९३० रोजी, आपल्या येथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. खोलीत बसलेल्या आम्हा बहुतेकांना दुसरी तारीख पाठ होती. पहिली कोणालाच ठाऊक नव्हती. त्यांनी या दोन तारखांमधून कोणताही निष्कर्ष काढला नाही, हे मला फार आवडले. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना लिहिलेले पत्र आणि १९७२ मध्ये तेथील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेच्या नावावरून उभी राहिलेली दलित पँथर, हे दुवे नाशिककर श्रोत्यांना माहीत असतात, आणि ते पुन्हा पुन्हा उगाळत बसण्यापेक्षा पलीकडच्या माणसांचे आवाज ऐकण्यात वेळ घालवलेला बरा.

त्या सत्राचा मोठा भाग मेम्फिसमधील डब्ल्यूडीआयए या केंद्राला दिलेला होता आणि तो योग्यच होता. हे केंद्र १९४७ मध्ये जॉन पेपर आणि बर्ट फर्ग्युसन या दोन गोऱ्या मालकांनी सुरू केले. ते काही चालेना. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी २५ ऑक्टोबर १९४८ रोजी नॅट डी. विल्यम्स यांना मायक्रोफोनसमोर बसवले. विल्यम्स बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये इतिहास शिकवत आणि वर्तमानपत्रात स्तंभ लिहीत. पहिल्याच दिवशी, मायक्रोफोन सुरू झाल्यावर, ते काय बोलायचे ते विसरले आणि मोठ्याने हसले. पुढे तेच हसणे त्यांची ओळख झाले. १९४९ मध्ये या केंद्राचे सगळे कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी होऊ लागले आणि तसे करणारे ते अमेरिकेतील पहिले केंद्र ठरले. १९५४ मध्ये त्याला ५०,००० वॅटची क्षमता मिळाली आणि मिसिसिपीच्या खोऱ्यातील कापसाच्या शेतांपर्यंत तो आवाज जाऊ लागला. येथेच रायली किंग नावाचा एक तरुण पेप्टिकॉन नावाच्या टॉनिकची जाहिरात करत गिटार वाजवत असे. ‘बील स्ट्रीट ब्लूज बॉय’ या त्याच्या रेडिओवरील नावाचे आधी ‘ब्लूज बॉय’ झाले आणि मग नुसते ‘बी. बी.’ उरले. पुढे ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या संगीतप्रकारातील प्रसिद्ध गायक-गिटारवादक झालेल्या बी. बी. किंग या नावाला इतिहास आहे तो रेडिओच्या निवेदनाचा, हे मी ब्लूज ऐकत असूनही मला माहीत नव्हते.

मात्र काकांचा भर गाण्यांवर नव्हता. या केंद्रावरून गाण्यांच्या मधे हरवलेल्या वस्तू, चर्चमधील कार्यक्रम आणि मंडळांच्या सभा यांच्या घोषणा होत असत. ज्या शहरातील वर्तमानपत्रे कृष्णवर्णीय वस्तीतील माणसांची नावे गुन्ह्याच्या बातमीखेरीज क्वचितच छापत, त्या शहरात या घोषणांमध्ये त्याच माणसांची नावे दिवसभर सन्मानाने घेतली जात होती. एवढे बोलून त्यांनी विचारले, की यातले किती ध्वनिमुद्रित होऊन उरले असेल? फारच थोडे उरले आहे. कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. ध्वनिमुद्रणाच्या तबकड्या महाग असल्याने मुद्रण फारसे होत नसे, आणि पुढे चुंबकीय फिती आल्या तेव्हा एकीवरचे पुसून तिच्यावरच दुसरे भरले जाई. केंद्र विकले गेले किंवा त्याचे स्वरूप बदलले, की कपाटातले सामान कचऱ्यात जाई.

उरले ते बहुधा ‘एअरचेक’च्या रूपात. निवेदक दुसरीकडे नोकरी मागताना नमुना म्हणून जी फीत पाठवत, तिला एअरचेक म्हणतात. अशा अनेक फितींमध्ये मायक्रोफोन उघडा असेल तेवढाच वेळ मुद्रण केलेले असते, म्हणजे गाणे सुरू झाले की कट आणि गाणे संपताना पुन्हा सुरू. गाणी तबकडीवर मिळतातच, मग फीत कशाला खर्च करायची, असा साधा हिशेब त्यामागे होता. माझ्या कॅसेटचे जे झाले त्याच्या नेमके उलटे! काकांनी असे एक एअरचेक ऐकवले. गाण्याचे दोन सूर, लगेच निवेदकाचे धावते, यमकांनी भरलेले बोलणे, पुन्हा दोन सूर. कोणीतरी रात्रीच्या गाडीतून डोके बाहेर काढून एकेका स्टेशनचे नाव वाचत जावे तसे ते वाटत होते. गाण्यांशिवायचे ते बोलणे ऐकताना मला पहिल्यांदा कळले की त्या रेडिओचे संगीत बोलण्यातही होते. तिसऱ्या सत्रात जॉको हेंडरसन या निवेदकाचे यमकबद्ध बोलणे लावले, तेव्हा शेजारी बसलेल्या एका निवृत्त शिक्षकांची बोटे खुर्चीवर ठेका धरू लागली. १९५० च्या दशकातील या निवेदकांच्या यमकांमध्ये पुढच्या रॅपचे बीज आहे असे संगीताचे अभ्यासक मानतात, आणि ते ऐकल्यावर पटायला वेळ लागत नाही.

दुसरे सत्र मालकीवर होते आणि चारांत ते सर्वांत चांगले बांधलेले होते. डब्ल्यूडीआयएवर आवाज कृष्णवर्णीयांचे असले तरी तिजोरी गोऱ्या मालकांची होती. अमेरिकेतील पहिले कृष्णवर्णीय मालकीचे केंद्र म्हणजे अटलांटाचे डब्ल्यूईआरडी. हिशेबतज्ज्ञ आणि प्राध्यापक असलेल्या जेसी ब्लेटन यांनी ते १९४९ मध्ये विकत घेतले. ऑबर्न अव्हेन्यूवरील ज्या इमारतीत हे केंद्र होते त्याच इमारतीत पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचे कार्यालय आले. किंग यांना काही जाहीर करायचे असले की ते झाडूच्या दांड्याने छताला ठोकत आणि वरून खिडकीतून मायक्रोफोन खाली सोडला जाई, अशी हकीगत सांगितली जाते. त्यानंतर बर्मिंगहॅम. मे १९६३ मध्ये शाळकरी मुलांनी तेथे वर्णभेदाविरुद्ध मोर्चे काढले. मुलांनी कधी आणि कोठे जमायचे हे शेली स्टुअर्ट आणि ‘टॉल पॉल’ व्हाइट या निवेदकांनी रेडिओवरूनच सांकेतिक भाषेत सांगितले होते. उद्यानात मेजवानी आहे आणि येताना टूथब्रश आणा, असे ते म्हणाले. टूथब्रश कशाला, तर रात्र तुरुंगात काढावी लागणार म्हणून. २ मे रोजी हजारापेक्षा अधिक मुले शाळा सोडून बाहेर पडली आणि त्यांतील शेकडो मुलांना अटक झाली. हे निवेदन गाण्यांच्या मधेच झाले होते. कोणी त्या दिवसाची फीत ‘स्वच्छ’ करून फक्त गाणी ठेवली असती, तर आंदोलनाचा पुरावाच कापला गेला असता. काका हे वाक्य बोलले तेव्हा माझ्याकडे पाहत नव्हते, पण मला माझा पेनड्राइव्ह आठवला.

या सत्रमालिकेबद्दल माझी एक खरी तक्रार आहे. स्त्री निवेदकांचा उल्लेख तिसऱ्या सत्रापर्यंत आलाच नाही आणि तोही एका श्रोत्या मुलीने विचारल्यावर आला. मार्था जीन स्टाइनबर्ग, ज्यांना श्रोते ‘द क्वीन’ म्हणत, यांनी डब्ल्यूडीआयएवर सुरुवात केली आणि १९६३ मध्ये त्या डेट्रॉइटला गेल्या. १९६७ च्या उन्हाळ्यात तेथे उसळलेल्या हिंसाचारात त्या सलग अठ्ठेचाळीस तास माइकवर राहून लोकांना रस्त्यावरून घरी जाण्याची विनवणी करत होत्या. अशा व्यक्तीला टिपणांमध्ये दोन ओळी मिळाव्यात आणि कॅसेट डेकच्या मोटरला अर्धे पान, हे प्रमाण चुकलेले आहे. मी हे काकांना तोंडावर सांगितले. त्यांनी वहीत लिहून घेतले आणि चौथ्या सत्राच्या टिपणांना एक जादा पान जोडले. त्या पानावरची माहिती नेमकी होती.

जतनाचे काम अमेरिकेत आज कसे चालले आहे, यावरचा भाग तुलनेने थोडक्यात आटोपला, पण त्यात ज्यांना पुढे वाचायचे आहे त्यांच्यासाठी पुरेसे धागे होते. इंडियाना विद्यापीठात १९९१ पासून आफ्रिकन-अमेरिकन संगीत आणि संस्कृतीचे अभिलेखागार आहे. स्मिथसोनियन संस्थेने १९९६ मध्ये कृष्णवर्णीय रेडिओच्या इतिहासावर अर्ध्या-अर्ध्या तासाचे तेरा भाग तयार केले, गायक लू रॉल्स यांनी त्यांचे निवेदन केले आणि त्या भागांसाठी निवेदकांच्या घेतलेल्या मुलाखती याच अभिलेखागारात ठेवल्या आहेत. तेव्हा हयात असलेली अनेक माणसे आता नाहीत, त्यामुळे त्या मुलाखती वेळेवर घेतल्या गेल्या असेच म्हणावे लागेल. ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या रेडिओ केंद्रांमधील फिती वाचवण्याचा एक वेगळा प्रकल्पही चालू आहे. ओहायोतील डब्ल्यूवायएसओ हे केंद्र आणि मॅसॅच्युसेट्समधील दस्तऐवज-जतनाची एक संस्था मिळून तो चालवतात. काकांना यातील सर्वांत मोलाची बाब वाटते ती ही की शक्यतो फिती त्या त्या महाविद्यालयाच्याच राहतात. मलाही ती तितकीच मोलाची वाटते, कारण आपल्याकडे संशोधक येऊन कॅसेट घेऊन गेले आणि घरात फक्त रिकामा डबा उरला, असे मी दोन घरांत पाहिले आहे.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. माझ्या अकरा कॅसेटपैकी चारांवर पावसाळ्याच्या ओलाव्याने पांढरी बुरशी आली होती आणि दोघींच्या आतील, फीत डेकच्या डोक्याला, म्हणजे आवाज वाचणाऱ्या हेडला, टेकवून धरणारी फेल्टची बारीक गादी गळून पडली होती. काकांनी बुरशी गच्चीवर, तोंडाला फडके बांधून, मऊ ब्रशने काढली. गादी गेलेल्या कॅसेटची फीत त्यांनी नव्या, स्क्रूच्या कवचात बसवली, आणि जुन्या कवचावरचे वडिलांच्या हस्ताक्षरातील लेबल न फाडता वेगळे काढून मला परत दिले. वाजवण्यापूर्वी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घेतली जाते, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच ताणात पडून असलेली फीत सैल आणि सारखी होते. त्यानंतरचे काम मी स्वतः शेजारी बसून पाहिले. डेकच्या डोक्याचा बारीक स्क्रू छोट्या पेचकसाने केसभर फिरवत ते कान देऊन ऐकतात. सुरुवातीला आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होता. स्क्रू किंचित वळला आणि अचानक झांजेला धार आली, ढोलकीची शाई आणि काठ वेगळे ऐकू येऊ लागले. वडिलांच्या टू-इन-वनचे डोके जितके तिरपे होते तितकेच तिरपे हे डोके करावे लागते, असे त्यांनी समजावून सांगितले, आणि हे प्रत्येक कॅसेटसाठी नव्याने करावे लागते.

फाइल ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटमध्ये मिळते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची अशी एक फाइल तीन जीबीच्या आसपास जाते, म्हणून पेनड्राइव्हपेक्षा हार्ड डिस्क न्यावी. प्रत्येक कॅसेटच्या दोन प्रती दिल्या जातात. पहिलीत काहीही बदललेले नसते आणि दुसरीत खरखर थोडी कमी केलेली असते. पहिली जपून ठेवा, दुसरी ऐका, असा त्यांचा आग्रह असतो. शिवाय सोबत एक कागद मिळतो, ज्यावर कोणत्या मिनिटाला गाणे आहे आणि कोणत्या मिनिटाला बोलणे, हे हाताने लिहिलेले असते. सातव्या कॅसेटच्या कागदावर एका ठिकाणी फक्त ‘बक्षिसांची नावे, ४ मिनिटे’ असे लिहिले होते.

ती चार मिनिटे चौथ्या शनिवारी, जेव्हा श्रोत्यांनी आपापल्या घरातील ध्वनिमुद्रणे आणायची होती, सगळ्यांसमोर वाजली. गायक एका गाण्याच्या मधेच थांबतो आणि नावे घेऊ लागतो. अमक्यांकडून पाच रुपये, तमक्या मंडळाकडून अकरा रुपये, रेल्वेतील एका कामगाराकडून दोन रुपये आणि ‘माझ्याकडून ढोलकीवाल्याला चहा’. नवव्या नावाला माझ्या आजोबांचे नाव आले. दोन रुपये. गायकाने आडनावाच्या आधी ‘आयुष्यमान’ म्हटले होते. आजोबांचा फोटो आमच्याकडे एकच आहे, रेशनकार्डावरचा. त्यांचे नाव दुसऱ्याच्या तोंडून मोठ्याने घेतलेले मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. पहिल्या दुकानाने दिलेल्या फाइलमध्ये हीच चार मिनिटे नाहीत.

सेवेतील उणिवाही सांगायला हव्यात. एका कॅसेटला तीनशे रुपये आणि बुरशी असल्यास शंभर रुपये जास्त, हा दर कामाच्या मानाने रास्त आहे. पण काम फार सावकाश होते. मला तीन आठवड्यांची मुदत सांगितली होती आणि प्रत्यक्षात सात आठवडे लागले, आणि मधे फोन उचलला जात नव्हता. माल जमा केल्याची पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. ज्या वस्तूची दुसरी प्रत जगात नाही, ती देताना पावती न मागता मिळायला हवी. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा असल्याने वयस्कर माणसांना, म्हणजे ज्यांच्याकडे खरोखर अशा कॅसेट आहेत त्यांनाच, वर चढणे कठीण जाते. काकांनी खालच्या भांड्यांच्या दुकानात वस्तू स्वीकारण्याची सोय करावी, असे मी त्यांना सुचवले आहे. स्पूलच्या चिकट झालेल्या फिती ठरावीक कमी तापमानात काही तास तापवून मगच वाजवाव्या लागतात आणि ती सोय येथे नाही. काका तसे स्पष्ट सांगतात आणि अशी फीत वाजवून पाहण्याचा मोह टाळून परत देतात. हा प्रामाणिकपणा मला यंत्रापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

तबकड्यांचे काम मी करून घेतलेले नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी त्यांच्याकडे वेगळी, जाड टोकाची सुई आहे आणि सत्रात तिच्यावर वाजलेल्या एका जुन्या ब्लूज तबकडीचा आवाज भरदार होता, एवढेच खात्रीने सांगू शकते.

जाताना कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लास्टिकचे कान आधी मोडून न्या, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही भरले जाणार नाही. पाऊस सुरू असताना नेऊ नका, कारण जून ते सप्टेंबर काका बुरशीच्या कॅसेट उघडत नाहीत. देताना, कार्यक्रम कोठे आणि कोणत्या वर्षी झाला, टेप कोणी केला, हे कागदावर लिहून सोबत ठेवा. ती माहिती ते फाइलच्या नावात घालतात. श्रवणसत्रांची पुढची मालिका दिवाळीनंतर आहे आणि या वेळी पहिलेच सत्र मार्था जीन स्टाइनबर्ग यांच्यावर असेल, असे टेबलावरच्या वहीत काकांच्या अक्षरात लिहिलेले मी पाहून आले. त्याखाली मी माझे आणि आईचे नाव लिहिले आहे. बारा खुर्च्या शिल्लक आहेत.